पाय आणि चपला बघून माणूस किती कळतो?

चाफेकळी

आमचं इचलकरंजीत चपलांचं दुकान आहे, आजोबांनी काढलेलं. शाळा सुटली की मी तिथेच बसायचे, त्यामुळे माणसाकडे बघताना माझी नजर अजूनही आधी पायांकडे जाते. हल्ली व्हॉट्सअपवर सारखं फिरत असतं ना, अंगठा लांब असेल तर तुम्ही असे, उंच टाच आवडत असेल तर तुम्ही तशा, ते वाचलं की वाटतं हे लिहिणारा माणूस कधी कोणाच्या पायाला माप लावायला खाली बसलेला नसणार.

मला स्वतःला असं वाटतं की नुसत्या चपलेवरून स्वभाव फारसा कळत नाही पण ती घेताना माणूस कसा वागतो त्यावरून खूप कळतं. काही लोक दुकानात शिरतानाच सांगतात की टिकाऊ दाखवा, दिसायला कशीही असू दे. काहीजण दोन्ही पायांत घालून आरशापर्यंत चालून बघतात, परत येतात, परत चालतात, आणि काहीजण बसल्या बसल्या एक पाय घालतात आणि बांधा म्हणतात. घरच्या सगळ्यांना घेऊन देणारी आणि शेवटी स्वतःसाठी 'साधी सपाता द्या' म्हणणारी बाई तर प्रत्येक दिवाळीला दिसते, एक नाही, कितीतरी. बाबा अशा वेळी मुद्दाम दोन चांगले जोड तिच्यासमोर काढून ठेवायचे आणि काही न बोलता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचे, तिला निवांत बघू द्यायचे.

अजून एक गोष्ट म्हणजे पाय पुढे करायची लाज. टाचांना भेगा असल्या की बायका साडीचा काठ ओढून घेतात, आणि बरेच पुरुष दुकानदाराला पायाला हातच लावू देत नाहीत, वयाने मोठा माणूस आपल्या पायाशी बसतोय हे त्यांना सहन होत नाही, पटकन खाली वाकून स्वतःच बक्कल लावतात. अशी माणसं मला फार आवडतात.

जूनमध्ये शाळेचे बूट घ्यायला येणारी घरं वेगळीच. 'वाढत्या अंगाचे द्या' म्हणजे दोन नंबर मोठे, पुढे कापूस कोंबायचा, वर्ष दोन वर्ष निघाली पाहिजेत. मुलाला विचारलं बोटं लागतात का रे, तर ते आधी आईकडे बघतं. त्या बघण्यात घरची सगळी परिस्थिती असते.

तर तुमचे अनुभव सांगा. पाय, चपला, बूट, दारातली चपलांची रांग, काहीही चालेल. आणि हे अंगठ्याबिंगठ्याचं खरं असतं का तेही कोणाला माहीत असेल तर लिहा.

पायवाट

छान धागा ताई. आमच्याकडे अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असेल तर ती मुलगी नवऱ्याला ताब्यात ठेवते असं म्हणतात, माझ्या मावशीचं जमत आलेलं स्थळ यावरून गेलं होतं. बघायला आलेल्या बायकांनी तिला मुद्दाम आतल्या खोलीतून पाणी आणायला सांगितलं, चाल आणि पाय बघायला. मावशी पुढे शिक्षिका झाली, चांगलं लग्न झालं, पण पायात मोजे घातल्याशिवाय ती अजून पाहुण्यांसमोर येत नाही. साठी उलटली तिची. एवढं खोल जातं ते.

तिसरा_माळा

@पायवाट, तुमच्या मावशींना सांगा की जुन्या ग्रीक शिल्पांत देवदेवतांचे पाय असेच असतात, दुसरं बोट लांब, म्हणून चित्रकला शिकवताना त्याला ग्रीक पाय म्हणतात. न्यूयॉर्कच्या स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या पायाचं दुसरं बोटसुद्धा अंगठ्यापेक्षा लांब आहे. डॉक्टर लोक त्याला मॉर्टनचं बोट म्हणतात, डडली मॉर्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांवरून. कारण एवढंच की अंगठ्यामागचं तळव्यातलं हाड शेजारच्या हाडाच्या मानाने आखूड असतं. हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं. कधीकधी त्या बोटाच्या मुळाशी जास्त भार येऊन घट्टा पडतो आणि पुढून निमुळता बूट घातला तर नख काळं पडतं. नवऱ्याचा यात कुठेही संबंध नाही.

रानजाई

पायवाट, वाचून राग आला खरंच. आणि बोटाचं एक वेळ सोडा, पायगुणाचं काय? नवी सून घरात आली आणि सासऱ्यांना अॅटॅक आला की तिच्या पायगुणाने. पीक बुडालं, तिच्या पायगुणाने. 'पांढऱ्या पायाची' हे तर मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय आमच्या वाड्यात, आणि ज्या काकूबद्दल म्हणायचे ती पहाटे उठून सगळ्या घराचं पाणी भरायची, तिचे पाय भिजून भिजून पांढरेच झाले होते. ते कोणाला दिसलं नाही. चांगला पायगुण म्हणून कौतुक करतात तेही मला नको वाटतं कारण आज चांगला म्हणणारे उद्या तोंड फिरवतात. पायावरून माणूस ओळखणं ज्याला गंमत वाटते त्याने एकदा घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून बघावं.

चाफेकळी

रानजाई, पटलं अगदी. मी धागा काढताना हा भाग लिहायलाच हवा होता इतका तो महत्त्वाचा आहे.

शेवटची_लोकल

मी मानसशास्त्राला आहे, आम्हाला एक अभ्यास होता यावर म्हणून लिहिते. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या ओमरी गिलाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये छापलेला. त्यांनी २०८ लोकांकडून ते सगळ्यात जास्त वापरतात त्या बुटांचे फोटो घेतले आणि त्यांच्याकडून स्वभावाच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या. मग ६३ विद्यार्थ्यांना फक्त ते फोटो दाखवले आणि सांगा म्हटलं हा माणूस कसा असेल. वय, स्त्री की पुरुष, आणि उत्पन्न याचा अंदाज बराच बरोबर आला. आणखी एक गोष्ट बरोबर आली ती म्हणजे जवळचं माणूस आपल्याला सोडून जाईल का ही धास्ती कोणाला जास्त आहे.

आता यात लक्षात घ्या की वय आणि पैसा बुटावर दिसणारच, त्यात काही नवल नाही. आणि हे सगळं अमेरिकेतल्या लोकांचं, तिथे एकेका माणसाकडे पाच-सात जोड असतात आणि त्यातला कुठला रोज घालायचा हे तो निवडतो. आपल्याकडे एकच जोड असेल तर निवड कसली मोजणार? त्यामुळे हा अभ्यास जसाच्या तसा इथे लावू नये असं मला वाटतं. पण एक गोष्ट मला त्यातून महत्त्वाची वाटली, ती ही की आपण बूट बघून निष्कर्ष काढतोच, सगळेच काढतात, आणि न बोलता काढतात. मुलाखतीला जाताना आई म्हणते बूट पॉलिश कर, ते उगाच नाही.

निपाणीकर_

बऱ्याच दिवसांनी लिहितोय पण हा विषय आमच्या घरचा आहे म्हणून राहवलं नाही.

आमच्याकडे पिढ्यानपिढ्या कोल्हापुरी करतात. मापाला गिऱ्हाईक आलं की आजोबा जुन्या वहीच्या कागदावर त्याला उभं करायचे, बसून नाही, उभं, कारण भार पडला की पाय पसरतो आणि खरं माप तेव्हाच मिळतं. पेन्सिल पायाला धरून फिरवायची. दोन्ही पायांचं वेगवेगळं, कारण बहुतेकांचे दोन पाय थोडे तरी कमी जास्त असतात. तो कागद नाव घालून जपून ठेवायचे आणि दहा वर्षांनी तोच माणूस आला की जुना कागद काढून शेजारी नवा ठेवायचे. पाऊल रुंद झालंय, अंगठा आत वळलाय, हे त्याला दाखवायचे. शेतकऱ्याचा पाय बोटांकडे फाकलेला, बोटं मोकळी, तळवा जाड. कायम बूट घालणाऱ्या नोकरदाराची बोटं एकमेकांना चिकटलेली, करंगळीवर कुरूप. तालमीतल्या पैलवानाचा पाय तर वेगळा लगेच कळतो, मातीत अंगठा रोवून रोवून अंगठ्याजवळची पावलाची बाजू भरलेली असते. यात स्वभाव कुठे आला, सगळं काम आहे.

पण गिऱ्हाईक काय मागतं त्यात मात्र माणूस कळायचा. कापशी (हा कोल्हापुरीचा एक घाट) पाहिजे म्हणणारा वेगळा, भरीव कानांची आणि गोंडेवाली पाहिजे म्हणणारा वेगळा. करकर वाजणारी पायताणं मागणारे आमच्या भागात अजून आहेत, आपण येतोय हे चार घरं आधी कळलं पाहिजे अशी त्यांची इच्छा असते आणि ते तसं मोकळेपणाने सांगतात. याउलट एक शाळामास्तर यायचे ते म्हणायचे आवाज अजिबात नको, वर्गात पोरं लिहीत असतात तेव्हा मला मधून फिरायचं असतं. वीस पंचवीस वर्षं एकच घाट, एकच रंग.

कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असलं की ते पायाचा आकार घेतं. महिना दोन महिने वापरली की अंगठ्याचा, टाचेचा ठसा तळावर उमटतो आणि मग ती चप्पल दुसऱ्याला होत नाही, सारख्याच नंबरच्या भावाला दिली तरी चावते. वेणी घालायचं काम आमच्याकडे आई, आत्या, चुलत्या करतात, नाजूक पट्ट्या त्यांच्याच बोटांना जमतात. त्यांचं नाव मात्र कधी कुठे येत नाही, बाजारात नाव पुरुषाचं आणि दुकानाचं.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तसलीच सँडल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही तेव्हा आमच्या गल्लीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. नंतर त्यांनी मान्य केलं की प्रेरणा इथली आहे. कोल्हापुरीचं जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे, हे पुण्यामुंबईच्या लोकांना तेव्हा कळलं, सीमेच्या अलीकडचे पलीकडचे आम्ही एकाच चपलेवर जगतो. 'चप्पल कुठली भारी' एवढं विचारता तसं 'करणाऱ्याचे हात बघू' असंही कधी विचारा. रापीने (कातडं कापायच्या हत्याराने) आणि दोऱ्याने बोटांवर जे वळ पडतात ते पायावरच्या भेगांपेक्षा जास्त सांगतात.

पायवाट

निपाणीकर, काय सुंदर लिहिलंय. ते कागद अजून आहेत का हो तुमच्याकडे?

निपाणीकर_

@पायवाट, थोडे आहेत. २०१९ च्या पुरात बरेच गेले.

बाभूळगाव

मला दुसरी बाजू मांडायची आहे आणि थोडं कडू लागेल. चपलेवरून माणूस ओळखायची सवय आपल्या गावांत फार जुनी आहे आणि ती गमतीची कधीच नव्हती. माझ्या आजोबांना मोठ्यांच्या वाड्यावरून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागायच्या, नव्या कोऱ्या वहाणा घातलेल्या दिसल्या तरी मार बसायचा. म्हणजे चपलेवरून स्वभाव बघत नव्हते, जागा बघत होते. आणि जे लोक सगळ्या गावाला जोडे करून द्यायचे त्यांचीच पोरं अनवाणी. म्हणून माझ्या वडिलांनी पहिल्या पगारात लेदरचे बूट घेतले आणि निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी स्वतःच्या हाताने पॉलिश केले. कोणी म्हणेल नीटनेटका स्वभाव. नीटनेटका तर होताच, पण ते बूट चमकले पाहिजेत याचं कारण स्वभावाच्या कितीतरी मागे होतं.

आणि मार्च २०१८ आठवतो का? नाशिकहून मुंबईला शेतकरी चालत आले, साधारण १८० किलोमीटर, त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी बाया-बाप्ये हजारोंनी. सोललेल्या तळव्यांचे फोटो सगळ्या देशाने बघितले. कोणाच्या पायात तुटलेली स्लीपर, कोणाच्या पायात नुसतं फडकं. आणि दहावीची परीक्षा होती म्हणून पोरांना त्रास नको या विचाराने ती माणसं दिवसभर चालून आल्यावर पुन्हा रात्रीची उठून आझाद मैदानापर्यंत गेली. मुंबईकरांनी रस्त्यावर उभं राहून चपला दिल्या, पाणी दिलं. त्या पायांवरून कळायचं ते एवढंच होतं की हे किती चाललेत. स्वभाव कळला तो त्या रात्रीच्या निर्णयातून.

रानजाई

+१. बाभूळगाव, वडिलांचं लिहिलंत ते फार आवडलं.

टाकेघाट

मी फिजिओ आहे त्यामुळे माझं बघणं जरा वेगळं. पेशंट आला की मी त्याला सांगते रोजची जुनी चप्पल घेऊन या, नवीन नको. तळ उलटा करून बघायचा. टाचेची बाहेरची कड थोडी जास्त झिजलेली असणं हे नॉर्मल, बहुतेक सगळे तिथेच पाय टेकतात. आतली बाजू झिजली असेल तर पाऊल आत कलतंय, बहुतेक तळवा सपाट, मग गुडघा का दुखतो ते कळायला लागतं. एकच चप्पल जास्त झिजलेली असेल तर कंबर किंवा एका पायाची ताकद तपासायची. पुढचं टोक घासलेलं असेल तर पाऊल नीट उचललं जात नाहीये, आणि हे अलीकडे सुरू झालं असेल तर दुर्लक्ष करू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

घरी करून बघायचं असेल तर ओला पाय कोरड्या फरशीवर ठेवा. पूर्ण तळव्याचा ठसा उमटला तर कमान कमी, टाच आणि पुढचा भाग एवढंच बारीक पट्टीने जोडलेलं दिसलं तर कमान उंच. लहान मुलांचे तळवे पाच-सहा वर्षांपर्यंत सपाटच दिसतात तेव्हा उगाच घाबरून महागडे बूट घेऊ नका. आणि सपाट तळव्याची माणसं अभागी वगैरे जे जुन्या पुस्तकांत असतं ते पूर्ण सोडून द्या, कृपा करून.

एक फार महत्त्वाचं. घरात शुगर असलेलं माणूस असेल आणि चालता चालता त्याची चप्पल पायातून निसटली तरी त्याला कळत नसेल, चार पावलं तसंच पुढे गेलं, तर त्याला विसरभोळं म्हणू नका, पायाची संवेदना गेलेली असू शकते. असे लोक खिळा टोचला तरी चालत राहतात आणि जखम चिघळते. रोज रात्री तळवे बघायचे, स्वतःला दिसत नसेल तर आरसा खाली ठेवून बघायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या, घरातसुद्धा अनवाणी नको. एमसीआर रबराच्या मऊ चपला मिळतात, मागे पट्टा असलेल्या घ्या. वारीला जाणाऱ्या आजी-आजोबांना तर हे नक्की सांगा, श्रद्धेने अनवाणी चालायचं असेल तर आधी पायाची तपासणी करून घ्या, शुगर असेल तर अनवाणी नकोच.

चाफेकळी

टाकेघाट, हे चप्पल निसटण्याचं मला माहीत नव्हतं. आमच्या दुकानात मागे पट्टा नको म्हणणारे म्हातारे लोक खूप येतात, आता मी विचारत जाईन शुगर आहे का.

हिरवा_चौक

सगळेजण भार पडल्यामुळे झालेल्या पायांबद्दल बोलताय, ज्यांनी मुद्दाम ठरवून काही घातलं किंवा सोडलं त्यांचंही लिहायला हवं. चित्रकार एम. एफ. हुसेन, आपल्या पंढरपुरात जन्मलेले. १९६४ ला मुक्तिबोध गेले, हिंदीतले मोठे कवी पण घरचे मराठी, त्यांच्या अंत्ययात्रेत हुसेननी चप्पल काढली आणि पुढे अनवाणीच राहिले असं ते स्वतः सांगायचे. मुंबईतल्या एका क्लबने त्यांना बूट नाहीत म्हणून आत घेतलं नव्हतं तरी त्यांनी घातले नाहीत.

आणि गांधीजी. दक्षिण आफ्रिकेत चपला करायला शिकले होते. तुरुंगात असताना केलेला एक जोड त्यांनी १९१४ मध्ये तिथून निघताना जनरल स्मट्सना भेट दिला, ज्याने त्यांना तुरुंगात टाकलं त्यालाच. स्मट्सनी तो जोड कित्येक उन्हाळे वापरला आणि १९३९ ला गांधीजींच्या सत्तरीला परत पाठवला, एवढ्या मोठ्या माणसाच्या जोड्यात उभं राहायची आपली योग्यता नाही असं लिहून. मला वाटतं निवडीतून स्वभाव कळतो याचं याहून चांगलं उदाहरण मिळायचं नाही. दोघांचाही कळतो.

राइनकाठ

इथे जर्मनीत पाहुण्यांसाठी दारात घरात घालायच्या सपातांची टोपलीच असते बऱ्याच घरांत, त्यामुळे आपल्यासारखं चपला बाहेर काढायचं मला नवीन वाटलं नाही. पण हिवाळ्यात पाच महिने सगळ्यांचे पाय बंद बुटात आणि पहिलं ऊन पडलं की सगळं गाव सँडल घालून बाहेर. माझ्या आईने इथे येताना तिच्या टाचांसाठी भिरंडेल आणलं होतं, आम्ही मूळ सावंतवाडीचे. शेजारच्या जर्मन आजींच्या टाचाही फुटलेल्या, त्यांना आईने चमच्यात गरम करून लावून दिलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आता त्या आजी दर थंडीत विचारतात ते तेल आलं का.

रानजाई

भिरंडेल म्हणजे कोकमाचं तेल ना? आमच्या आजोळी लावणीच्या दिवसांत बायका रात्री बोटांच्या बेचक्यात चिखल्यांवर काहीबाही लावत बसायच्या. आषाढात दिवस दिवस पाण्यात उभं राहून बोटांमधली कातडी पार निघायची. आणि त्यातच जोडवी, ती काढायची नाहीत. जोडव्याखाली सगळ्यात जास्त चिघळायचं.

टाकेघाट

@रानजाई हो, आणि अजूनही तसंच होतं. लावणीच्या दिवसांत तरी जोडवी काढून ठेवा असं मी सगळ्यांना सांगते, घरचे ऐकत नाहीत पण सांगते. चिखल्यांना तेल नको, तेलाने ओल राहते. पाय धुवून पूर्ण कोरडे करा आणि बुरशीचं मलम डॉक्टरांना विचारून लावा. भिरंडेल भेगांना उत्तम.

शेवटची_लोकल

एक विचारू का सगळ्यांना, थोडं अवांतर. कोल्हापुरी घेतलीय भावाच्या लग्नासाठी, हौसेने, पण पावसात बुरशी येईल अशी भीती वाटते. आणि नवीन आहे तोवर अंगठा चावतो. काय करू?

निपाणीकर_

ताई, आदल्या रात्री अंगठ्याच्या आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला एरंडेल बोटाने चोळून ठेवा, तळाला पण थोडं. पहिले काही दिवस घरात तासभर घालायची, एकदम लग्नात घालून दिवसभर मिरवायचं नाही. पावसात घालूच नका. चुकून भिजली तर वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत वाळवा, उन्हात किंवा गॅसजवळ नको, कातडं तडकतं. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कधी नाही, सुती कापडात. बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने पुसा आणि परत तेलाचा हात द्या. आणि अंगठा आठवड्यानंतरही चावत राहिला तर चप्पल ज्या कारागिराकडून घेतली त्याच्याकडे न्या, अंगठा थोडा सैल करून मिळतो.

शेवटची_लोकल

धन्यवाद दादा, आजच एरंडेल आणते.